घरच्या चित्रफिती रूपांतरात बिघडू नयेत म्हणून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या व्हीएचएस कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी आणि मोबाइलवरचे चित्रीकरण घरच्या संगणकावर ‘कन्व्हर्ट’ करून ठेवण्याचे काम आज घरोघरी चालू आहे. त्यातले बरेचसे काम अशा रीतीने होते की जे जपायचे तेच बिघडते, आणि बिघडल्याचे कळते तेव्हा मूळ वस्तू हाताशी उरलेली नसते. मी शाळेत संगणक शिकवतो, त्यामुळे ओळखीची मंडळी अशा फाइली पेनड्राइव्हवर घालून माझ्याकडे आणतात. त्यांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका आणि त्यांवरचे उपाय आपल्या पत्राच्या वाचकांपुढे यावेत, या हेतूने हे लिहीत आहे.

या कामाला घाई आहे, हे खरे. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले, त्यामुळे चालू स्थितीतले यंत्र मिळणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. कोकणातल्या दमट हवेत कॅसेटच्या फितीवर बुरशी चढते, आणि चिपळूणसारख्या गावात तर २००५ आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुराचे पाणी घरांत शिरलेले आहे. अशा ठिकाणी संगणकावर उतरवलेली फाइल हीच त्या लग्नाची, त्या मुंजीची, हयात नसलेल्या आजोबांच्या आवाजाची एकमेव प्रत ठरते. म्हणूनच ती कशी तयार होते याबद्दल बेफिकीर राहून चालणार नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज फाइलच्या नावाबद्दल आहे. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमओव्ही हे नुसते डबे आहेत. डब्यात चित्र कोणत्या पद्धतीने भरले आहे (एमपेग-२, एच.२६४, एचईव्हीसी) आणि आवाज कोणत्या पद्धतीने (एएसी, एसी३, डीटीएस), हे डब्यावरच्या नावावरून कळत नाही. त्यामुळे दोन एमपी४ फाइलींपैकी एक दूरचित्रवाणी संचावर चालते आणि दुसरी चालत नाही. शेवटची तीन अक्षरे खोडून दुसरी लिहिल्याने आतले काही बदलत नाही. व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये ‘टूल्स’खाली ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडले, किंवा मीडियाइन्फो हे छोटे सॉफ्टवेअर वापरले, तर आत काय आहे ते दिसते. काहीही बदलण्यापूर्वी हे पाहणे ही पहिली पायरी आहे, आणि बहुतेक लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

आवाज येतो पण चित्र दिसत नाही, ही तक्रार फार आढळते. आयफोन २०१७ सालच्या आयओएस ११ पासून, नव्या मॉडेलांवर, चित्रीकरण मुळातच एचईव्हीसी पद्धतीने साठवतात आणि अनेक अँड्रॉइड फोनवरही तो पर्याय असतो. या पद्धतीत फाइल लहान होते, परंतु ती उलगडण्याचे काम जड असते. सुमारे २०१५ पूर्वीच्या प्रोसेसरमध्ये त्यासाठीची खास सोय नसल्यामुळे चित्र अडखळते, आणि विंडोजमधल्या प्लेअरला त्यासाठी वेगळा जोड लागतो, जो मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून बहुधा पैसे भरून घ्यावा लागतो. अशा वेळी लोक लगेच फाइल बदलायला बसतात. वास्तविक व्हीएलसीमध्ये ही फाइल उलगडण्याची सोय आतच असते, म्हणून आधी तिथे पाहावे. पुढच्या चित्रीकरणासाठी आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले की फोन एच.२६४ वापरू लागतो, आणि बदलण्याची गरजच उरत नाही.

बदल करणे भागच असेल, तर त्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक दुकानदारांनाही अनेकदा ठाऊक नसतो. पहिल्या प्रकारात आतले चित्र आणि आवाज जसेच्या तसे ठेवून फक्त डबा बदलला जातो. यात गुणवत्ता तसूभरही कमी होत नाही आणि काम डिस्कच्या वेगाने, बहुधा मिनिटभरात होते. दुसऱ्या प्रकारात चित्र पूर्ण उलगडून पुन्हा नव्याने दाबून भरले जाते, ज्याला एन्कोडिंग म्हणतात. यात तासन्‌तास लागू शकतात आणि प्रत्येक वेळी काही तपशील कायमचा जातो. एमकेव्हीमध्ये एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज असेल आणि घरच्या टीव्हीला एमपी४ हवी असेल, तर पहिला प्रकार पुरेसा आहे. एफएफएमपेग या आज्ञा टाइप करून चालवायच्या मोफत साधनात त्यासाठी ‘कॉपी’ची आज्ञा आहे आणि लॉसलेसकट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हेच काम माऊसने करता येते. हँडब्रेक हे अतिशय चांगले आणि मोफत साधन आहे, पण ते चित्र नेहमी नव्यानेच एन्कोड करते, हे ध्यानात ठेवावे. नुसता डबा बदलायचा असताना हँडब्रेक वापरणे म्हणजे विनाकारण नुकसान करून घेणे होय.

आता जुन्या कॅसेटबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण न भरून येणारे नुकसान मी तिथेच पाहिले आहे. माझ्या परिचयातील एका कुटुंबाने नव्वदच्या दशकातील लग्नाची कॅसेट एका दुकानातून डिजिटल करून घेतली. फाइलवर ‘फुल एचडी’ असे लिहिलेले होते, आणि ती १९२० बाय १०८० आकाराची व सेकंदाला ३० चित्रांची होती. अंतरपाट खाली येताना त्याच्या कडेला करवतीसारखे दाते दिसत होते, अक्षता टाकणाऱ्या हातांच्या जागी जाड आडव्या पट्ट्या थरथरत होत्या, आणि मांडवातली सगळी माणसे रुंद दिसत होती. ‘आता कॅसेट ठेवून काय करणार’ या दुकानदाराच्या सल्ल्याप्रमाणे कॅसेट टाकून दिलेली होती.

या फाइलीत तीन वेगवेगळे दोष एकावर एक चढले होते. आपल्याकडे पाल पद्धतीचे प्रक्षेपण होते, ज्यात सेकंदाला २५ चित्रे असतात, परंतु प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचे बनलेले असते. एका अर्ध्यात विषम ओळी, दुसऱ्यात सम ओळी, आणि दोहोंमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंतर. जुना काचेच्या नळीचा टीव्ही ही अर्धी चित्रे एकापाठोपाठ एक दाखवत असे, त्यामुळे हालचाल मऊ दिसायची. संगणक दोन्ही अर्धी एकदम दाखवतो, आणि त्या अवधीत हात हलला असेल तर ओळींचे दाते दिसतात. उपाय डीइंटरलेसिंगचा, म्हणजे अर्धी चित्रे वेगळी करून त्यांतून पूर्ण चित्रे बनवण्याचा, पण तो चित्राचा आकार बदलण्याआधी केला पाहिजे. एकदा का दात्यांसकट चित्र ताणले गेले, की त्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि नंतर कोणतेही साधन त्या स्वच्छ वेगळ्या करू शकत नाही. त्या कुटुंबाच्या फाइलीचे नेमके हेच झाले.

डीइंटरलेस करतानाही साध्या पर्यायात अर्ध्या चित्रांच्या जोडीतून एकच चित्र निघते आणि हालचाल थोडी तुटक होते. हँडब्रेकमध्ये ‘बॉब’ हा पर्याय निवडला तर प्रत्येक अर्ध्यातून पूर्ण चित्र तयार होऊन सेकंदाला ५० चित्रे मिळतात, आणि लेझीम किंवा फुगडीसारखी वेगवान हालचाल मूळ कॅसेटइतकीच सलग दिसते. डीइंटरलेस केल्यावर हालचाल एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे अशी झटके देत असेल, तर अर्ध्या चित्रांचा क्रम उलटा धरला गेला आहे असे समजावे. मिनी डीव्ही या छोट्या डिजिटल कॅसेटमध्ये खालच्या, म्हणजे सम ओळींचे अर्धे चित्र आधी असते, डीव्हीडीमध्ये बहुधा वरच्या, म्हणजे विषम ओळींचे.

दुसरा दोष आकाराचा. पाल पद्धतीच्या डीव्हीडीत आणि डीव्हीत चित्र ७२० बाय ५७६ असे साठवले जाते, पण त्याचे ठिपके चौरस नसतात. जुन्या चित्रीकरणात ते बहुधा ४:३ या प्रमाणात, म्हणजे सुमारे ७६८ बाय ५७६ असे दाखवायचे असते. ते रुंद पडद्यावर ताणून बसवले की माणसे फुगतात. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहिली तर राहू द्यावी. आणि फाइल ‘एचडी’ केल्याने तपशील वाढत नाही. व्हीसीडीवर ३५२ बाय २८८, म्हणजे सुमारे एक लाख ठिपके असतात आणि फुल एचडीत वीस लाखांहून अधिक. दर वीस ठिपक्यांतले एकोणीस संगणकाने अंदाजाने भरलेले असतात, आणि ते साठवण्यासाठी जागा मात्र खरी खर्च होते.

तिसरा दोष चित्रांच्या संख्येचा. सेकंदाला २५ चित्रांची फाइल ३० ची केली, की दर सेकंदाला पाच चित्रे दोनदा दाखवावी लागतात आणि चालणारी व्यक्ती ठेचकाळत चालल्यासारखी दिसते. अमेरिकेतील नातेवाइकांनी पाठवलेल्या जुन्या कॅसेट एनटीएससी पद्धतीच्या, सेकंदाला २९.९७ चित्रांच्या असतात. त्या २५ वर आणण्याचाही मोह टाळावा. चित्रांचा मूळचा वेग कायम ठेवणे, किंवा डीइंटरलेस करताना तो नेमका दुप्पट करणे, हेच योग्य आहे.

आवाज आणि ओठांची हालचाल जुळत नसेल, तर आधी फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी फरक तपासावा. दोन्हीकडे सारखाच फरक असेल तर आवाज तेवढा मागे-पुढे सरकवला की काम होते, ही सोय व्हीएलसीतही आहे. फरक हळूहळू वाढत जात असेल तर कारण वेगळे असते. मोबाइल फोन अंधुक प्रकाशात चित्रांचा वेग आपोआप कमी-जास्त करतो, आणि बरेच संपादन सॉफ्टवेअर तो वेग कायम एकच आहे असे गृहीत धरते. त्यामुळे तासाभराच्या कीर्तनात बुवांचे शब्द ओठांच्या कितीतरी मागे पडतात. मीडियाइन्फोमध्ये ‘फ्रेमरेट मोड’पुढे ‘व्हेरिएबल’ दिसले, तर संपादनापूर्वी हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून एक प्रत काढावी. कॅसेटवरून उतरवताना हा दोष आला असेल, तर कमकुवत संगणकाने मध्येच चित्रे गाळलेली असण्याची शक्यता जास्त. पाल पद्धतीत २५ चित्रे गळली की एका सेकंदाचा फरक पडतो. अशा वेळी नंतर दुरुस्ती करत बसण्यापेक्षा बाकीचे सर्व प्रोग्राम बंद करून, पेनड्राइव्हऐवजी संगणकाच्या आतल्या डिस्कवर, कॅसेट पुन्हा उतरवणे चांगले.

एन्कोड करताना आकडे कोणते ठेवावेत, हा प्रश्न नेहमी येतो. हँडब्रेकमध्ये ‘आरएफ’ नावाचा आकडा असतो, तो जितका लहान तितकी गुणवत्ता अधिक आणि फाइल मोठी. कॅसेट किंवा डीव्हीडीसाठी १८ ते २२, फुल एचडीसाठी २० ते २४, असे हँडब्रेकचे निर्माते स्वतः सुचवतात. ग्राफिक कार्डाकडून किंवा प्रोसेसरमधल्या खास भागाकडून एन्कोड करवले तर वेळ खूप वाचतो, पण तेवढ्याच गुणवत्तेसाठी फाइल सहसा मोठी होते. कायम जपायच्या प्रतीसाठी सावकाश चालणारा, सॉफ्टवेअरचा एन्कोडरच वापरावा आणि संगणक रात्रभर चालू ठेवावा. मे महिन्याच्या उकाड्यात लॅपटॉप तापून मध्येच बंद पडत असेल तर पंख्याची जाळी साफ करावी. सर्वांत जास्त ठिकाणी चालणारी जोडी म्हणजे ८ बिटचे एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज (बिट जितके अधिक, तितक्या रंगांच्या छटा अधिक बारीक). लग्नाच्या छायाचित्रकारांचे आधुनिक कॅमेरे अनेकदा १० बिटमध्ये चित्रीकरण करतात, आणि अशी एच.२६४ फाइल घरच्या टीव्हीवर बहुधा चालत नाही. चार जीबीपेक्षा मोठी फाइल पेनड्राइव्हवर जात नसेल तर दोष फाइलचा नसून पेनड्राइव्हच्या फॅट३२ मांडणीचा आहे. आतील मजकूर दुसरीकडे उतरवून पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा, मात्र टीव्ही ती मांडणी वाचतो का ते आधी पाहावे.

चित्रीकरण चालू असताना फोनची बॅटरी संपली आणि फाइल मोठी असूनही उघडत नसेल, तरी ती पुसू नये. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका साधारणपणे चित्रीकरणाच्या शेवटी लिहिली जाते आणि ती लिहायची राहून गेलेली असते. त्याच फोनवर त्याच सेटिंगने केलेली एक धड फाइल नमुना म्हणून दिली, तर अनट्रंकसारखे मोफत साधन अनेकदा आतले चित्र परत मिळवून देते.

व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत ही मूळ प्रत नव्हे, हेही सांगावेसे वाटते. व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल तिथे पुन्हा दाबली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर ती जशीच्या तशी पोहोचते. आणि इंटरनेटवर ‘फ्री कन्व्हर्टर’ शोधून मिळेल ते उतरवून घेण्याची सवय तर धोक्याची आहे. अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने मार्च २०२५ मध्ये अशा मोफत रूपांतर-साधनांमधून घातक सॉफ्टवेअर पसरवले जात असल्याचा जाहीर इशारा दिला होता. मी वर सुचवलेली सर्व साधने त्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवरून मोफत मिळतात.

शेवटी, कॅसेट डिजिटल करून देणाऱ्या व्यावसायिकांना माझी कळकळीची विनंती आहे. ग्राहकाच्या पावतीवर फाइलचा आकार, चित्रांचा वेग, एन्कोडिंगची पद्धत आणि डीइंटरलेस केले आहे की नाही, एवढ्या चार गोष्टी लिहून द्याव्यात. टीव्हीवर पाहण्यासाठीच्या छोट्या फाइलीबरोबर कॅसेटवरून जशी उतरली तशी, न बदललेली मोठी फाइलही द्यावी, भले त्यासाठी हार्ड डिस्कचे वेगळे पैसे घ्यावेत. ग्राहकांनीही ती मागून घ्यावी, दोन वेगळ्या डिस्कवर आणि शक्य असल्यास दोन वेगळ्या घरांत ठेवावी, आणि सुरुवात, मध्य व शेवट स्वतः पाहून खात्री झाल्याशिवाय कॅसेट टाकून देऊ नये. एमएस-सीआयटीसारख्या, गावोगावी पोहोचलेल्या अभ्यासक्रमात या विषयासाठी दोन तास दिले गेले, तर ते कारणी लागतील. आपल्या पत्राने रविवारच्या पुरवणीत अशा प्रश्नांसाठी थोडी जागा राखून ठेवल्यास उत्तरे लिहून देण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
एक संगणक शिक्षक, चिपळूण