वाढत्या मापाचे बूट

परभणी
रविवार, 8 फेब्रुवारी 2026

प्रिय बाळ्या,

स. न. वि. वि. असं लिहिलं की तू शिव्या घालतोस, म्हणून मुद्दाम लिहिलं. दिवाळीत तुझे दोन फोन येऊन गेले, मी उलटून केला नाही. त्याला कारण काही नव्हतं, नुसता आळस. आज मात्र कारण आहे, आणि ते फोनवर जमंना. तू मधेच हसशील, मी विषय बदलीन. म्हणून चिमीच्या वहीतली चार पानं फाडून बसलोय. बाहेर उरुसाचे भोंगे चालू आहेत, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

माझी तब्येत: शुगर निघाली. गोळी सुरू, भात बंद, संध्याकाळी विद्यापीठाच्या रस्त्यानं चालतो. झालं.

तर चिमी लेहला जाऊन आली. स्टेडियमवर चाकाच्या स्केट्सवर हॉकी खेळायची हे तुला माहीतच आहे. तिच्या सरांनी जानेवारीत चार पोरांना बर्फावरच्या शिबिराला नेलं. 2025 ला आपल्या पोरींनी अल ऐनला आशिया करंडकात आइस हॉकीचं कांस्य जिंकलं, तेव्हापासून हिच्या डोक्यात तेच. त्या टीममध्ये बहुतेक लडाखच्या मुली, आणि ही परभणीची, जिला फ्रिजमधल्या बर्फाशिवाय बर्फ माहीत नाही. बनी तो बनी नहीं तो परभणी, दुसरं काय.

बर्फाचे बूट मी आणले. पुण्याच्या एका पोराचे वापरलेले, नऊ हजाराला. चिमीचा चपलेचा नंबर सहा. बूट सातचे. मी म्हणलं, एवढ्या महागाची वस्तू, पोरगी वाढत्या अंगाची, दोन हंगाम तरी निघतील. घालून बघितले तर टाच आत खुळखुळायली. ती म्हणाली, पप्पा, ढिले आहेत. मी अंगठ्यानं टोक दाबून बघितलं आणि म्हणलं, बसतात की. जाड मोजे घाल.

बाळ्या, तू आता वाचायचं थांबलास, मला माहीत आहे. थांब जरा, तिकडं येतोच.

हे बूट चपलेपेक्षा एक-दीड नंबर लहान घ्यायचे असतात, हे मला कुठं ठाऊक? म्हणजे तिला साडेचार-पाच पाहिजे होता आणि मी दिला सात. टाच बुटात हलली की पाय जे सांगतो ते पात्याला कळतच नाही. मग पोरीनं काय केलं, घोट्यापाशी नाडी करकचून आवळली. तीन मोजे आणि वर हे. चौथ्या दिवशी पायाच्या वरच्या अंगाला, घोटा वळतो ना तिथं, बोराएवढा फुगवटा. तिथनं बोटं वर उचलणारे स्नायुबंध जातात, नाडी त्यांच्यावरच बसती. तिकडच्या पोरी ह्याला नाडी चावली म्हणतात म्हणं. दोन दिवस खेळ बंद, बर्फाचा शेक (बर्फाला काय तोटा तिथं), बुटाच्या जिभेखाली मऊ गादी, आणि त्या जागेचं एक भोक सोडून नाडी ओवायची. त्याच्या आधीचे दोन दिवस तर नुसत्या आरामातच गेले होते, साडेतीन हजार मीटरवर पोचलं की लगेच पळायचं नसतं, अंगाला हवेची सवय होऊ द्यायची. म्हणजे पंधरवड्यातले चार दिवस गेले.

आणि धारेची गंमत ऐक. जायच्या आदल्या दिवशी मी बूट घेऊन सायकलवाल्या धारवाल्याकडं गेलो. तोच तो, तुझ्या आईच्या विळीला दाते पाडले होते त्यानं. पातं असतं तीन मिलिमीटरच्या आसपास जाडीचं, आणि खालून मधोमध बारीक पन्हळ असती. पन्हळीमुळं आत एक आणि बाहेर एक अशा दोन धारा तयार होतात, त्या बर्फात रुततात. ह्या गड्यानं दोन्ही बाजूनं घासून घासून विळ्यासारखी एकच धार काढली मधोमध, पन्हळ साफ. मी वरून नख लावून बघितलं आणि वीस रुपये जास्तीचे दिले!

लेहच्या प्रशिक्षकानं ते पातं उन्हात धरून बघितलं आणि हिंदीत विचारलं, ह्यानं भाजी चिरता का घरी? मग त्यानंच मशिनीवर पुन्हा पन्हळ पाडून दिली, अर्ध्या इंचाच्या त्रिज्येची, म्हणजे साधारण पाचाच्या नाण्याच्या कडेला असती तेवढ्या गोलाईची. बरंच लोखंड गेलं त्यात. गेलेलं पुन्हा येत नाही.

आता मूळ गोष्ट. पाय सुजला त्या रात्री चिमीचा फोन आला. रडली नाही. नुसतं म्हणाली, "पप्पा, तुम्हीच म्हणला होतात ना, बसतात म्हणून?"

मी फोन ठेवला आणि गच्चीवर जाऊन बसलो. सुलू विचारायली, कामून जेवत नाहीस. तिला काय सांगू?

1996 ची जिल्हा स्पर्धा. आठशे मीटर. दादाचे खिळ्याचे बूट तुला दोन नंबर मोठे होते. तू म्हणालास ढिले आहेत. पेपरचा बोळा करून दोन्ही बुटांच्या टोकात कुणी कोंबला? मी. अंगठ्यानं दाबून "बसतात बघ" कोण म्हणालं? मीच. दुसऱ्या वळणावर तू पडलास, शिट्टी सरांनी तुला उचलून आणलं, आणि मी सगळ्यांना सांगितलं की बाळ्या मागं बघत पळत होता म्हणून पडला. त्यावरून आपण मॅट्रिकपर्यंत बोललो नाही. नंतर बोललो, पण तुझ्या लग्नात तू पुन्हा विषय काढलास तेव्हासुद्धा मी तेच म्हणलं. तू मागं बघितलं नव्हतंस. मी बघत होतो, तुझा डावा बूट पायाआधी वळला.

(मात्र माझ्या सायकलचा टायर त्याच आठवड्यात कुणी कापला, ते तू अजून कबूल केलेलं नाहीस. मी वाट बघतोय.)

बूट आता विकायला काढलेत. पातीसुद्धा गंजली होती मधल्या मधे, कारण चालताना घालायची प्लॅस्टिकची कव्हरं मी तशीच चढवून ठेवली, आत ओल राहिली. सुलूनं आता जुन्या टॉवेलची मऊ कव्हरं शिवलीत. पातं कोरडं पुसायचं, आतलं तळवं बाहेर काढायचं, जीभ उलटून वाऱ्याला ठेवायचं. आईनं ते कुरडयांच्या शेजारी उन्हात मांडले होते, म्हणाली वाळतात लवकर. परभणीच्या उन्हात चिकटवलेलं सगळं सुटून गेलं असतं.

वहिनींचा पोस्टिंगचा घोळ मिटला का? काकूंच्या गुडघ्याचं काय? फ्लॅटचा ताबा मिळाला तर फोटो टाक.

आता काम. एप्रिलच्या सुट्टीत चिमी पुण्याला येईल, तुझ्याकडंच उतरल. दुकानात तिला तू घेऊन जा. संध्याकाळी जा, दिवसभरानं पाय थोडा फुगतो. एकच पातळ मोजा घालायला लाव. टाच मागं ठोकून बसवायची, मग नाडी. सरळ उभी राहिली की बोटं पुढं नुसती टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की मागं सरली पाहिजेत, आणि टाच जागची हलता कामा नये. दुकानात बूट तापवून पायाला बसवायची भट्टी असली तर तापवून घे, पण गार होईपर्यंत तिला खुर्चीवरनं उठू देऊ नको. ती "ढिले आहेत" म्हणाली तर ढिले आहेत. पैसे मी पाठवतो.

माझ्यावर तिचा भरवसा नाही. तुझ्यावर असायला हरकत नाही, तू पडलेला माणूस आहेस.

सोबत तिच्या पावलाचा कागद जोडलाय. काल रात्री फरशीवर उभी करून काढला. पेन्सिल सरळ धरली होती, एक सूतही वाढवलेलं नाही.

तुझा,
अन्या