सोयराबाईंचा अभंग देवळात गायचा नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला पहिल्या पानावरचा लेख वाचून काल दिवसभर डोकं तापलं होतं, म्हणून हे पत्र. कलावंताने परंपरेपुढे मान तुकवावी, प्रश्न विचारायचे तर देवळाबाहेर विचारावेत, असं लेखकमहाशयांचं म्हणणं. भाषा गोड आहे, संतांची नावं जागोजागी पेरली आहेत. पण ज्यांची नावं घेतली त्यांचे अभंग शेवटच्या चरणापर्यंत वाचले असते, तर हा लेख लिहून झाला नसता.

मी भजन गाते आणि शिकवते. माळकरी घरात वाढले, माझ्याही गळ्यात माळ आहे, एकादशी चुकवत नाही. हे सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं. पण प्रश्न विचारणारा म्हणजे नास्तिक, असा लेखाचा रोख असल्यामुळे आधीच सांगितलेलं बरं.

गेल्या आषाढीला एका देवळाच्या सभामंडपात आमचा संत स्त्रियांच्या अभंगांचा कार्यक्रम होता. मुक्ताबाई, जनाबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई आणि सोयराबाई. सोयराबाई म्हणजे अस्पृश्य मानलेल्या महार जातीतल्या संत चोखोबांच्या पत्नी. त्यांचा मी विटाळाचा अभंग घेतला होता. देहाचा विटाळ देहातच जन्मला, मग सोवळा झाला तो कोण, असं त्या त्यात विचारतात. विटाळावाचून निर्माण झालेला देह जगात नाही, असंही स्पष्ट म्हणतात. त्याला भीमपलासात चाल बांधली होती, आणि 'विटाळ' हा शब्द बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या ठळक मात्रेवर, येईल अशी बांधली होती. हा शब्द आला की गाणारे आवाज खाली घेतात. तो खणखणीत ऐकू यावा एवढीच माझी इच्छा होती. पखवाज वाजवणाऱ्या मुलाने भजनी ठेका असा धरला होता की तालमीत अंगावर काटा येई.

आदल्या संध्याकाळी व्यवस्थापनातले एक गृहस्थ आले, कार्यक्रमाची यादी मागून घेतली. बोट फिरवत फिरवत त्या ओळीवर थांबले. "ताई, चाल सुरेख आहे, ती ठेवा. शब्द तेवढे दुसरे घाला. गाभाऱ्यासमोर हा शब्द बरा नाही वाटत." मी म्हटलं, शब्द माझे नाहीत, सोयराबाईंचे आहेत. "असतील हो. पण उगाच वाद कशाला?" खिशातलं पेन काढून त्यांनी ती ओळ खोडली. एकदा खोडून समाधान होईना म्हणून वरून पुन्हा गिरवली.

मुलं कित्येक दिवस राबली होती, कार्यक्रम मोडणं मला जमलं नाही. तो अभंग सोडून बाकीचे गायलो आणि भैरवी घेतली 'अवघा रंग एक झाला'. लोक माना डोलवत होते, पहिल्या रांगेत तेच गृहस्थ डोळे मिटून टाळ्या धरत होते. हा अभंगही सोयराबाईंचाच आहे, संपादक महाशय! गायिका किशोरीताई आमोणकरांच्या स्वराने तो घराघरात पोचला, पण ज्या बाईने तो रचला तिचं नाव त्या मंडपात किती जणांना ठाऊक होतं? तिचा आनंद गायला परवानगी आणि तिचा प्रश्न मात्र खोडायचा, ही कुठली श्रद्धा?

आणि तो प्रश्न तरी कुणाला विचारलेला आहे? शेवटाकडे येताना त्या पांडुरंगालाच हाक मारतात, त्याचीच थोरवी गातात. चोखोबांचं सगळं घर असंच बोलतं. मुलगा कर्ममेळा तर विठ्ठलालाच धारेवर धरतो की आमची याती हीन केलीस, तुला हे कळत कसं नाही? हा निंदकाचा सूर नव्हे. ज्याच्यावर आपला हक्क वाटतो त्याच्याशीच माणूस असा भांडतो. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या महाद्वारात, नामदेव पायरीपाशी आहे. तिथून आत जायला त्यांच्या माणसांना सहाशे वर्षं लागली, आणि तेही १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. गुरुजींच्या भक्तीबद्दल शंका घ्यायची लेखकाची तयारी आहे का? २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्याच मंदिरातल्या बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क गेले, तेव्हाही परंपरा बुडाली अशी ओरड झाली. वारी तर चालूच आहे.

लहानपणी आमच्या घरी पेटी देवघराला लागून असे. महिन्याच्या 'त्या' दिवसांत तिला शिवायचं नाही. मी दाराबाहेर बसून मांडीवर बोटं चालवत पलटे म्हणायची. का शिवायचं नाही, तर आजीचं उत्तर ठरलेलं, "चालत आलंय." सोयराबाईंनी सोसलेला विटाळ जातीचा, माझ्या चार दिवसांशी त्याची बरोबरी मी करणार नाही. तरी पुढे तो अभंग हाती पडला तेव्हा माझा प्रश्न कुणीतरी माझ्या आधी, विठ्ठलासमोर उभं राहून विचारून ठेवलेला सापडला. तेव्हापासून मी गाते ते घोकलेलं म्हणून नाही, माझं म्हणून गाते. देवाशी माझं नातं त्या प्रश्नाने घट्ट केलं, आणि लेखक म्हणतात प्रश्नाने श्रद्धा ढळते!

जाता जाता आपल्याबद्दलही. आपल्या रोजच्या अभंगाच्या चौकटीत मागे हाच अभंग चोखोबांच्या नावावर छापला गेला. शेवटच्या चरणात 'महारी चोखियाची', म्हणजे चोखोबांची बायको, अशी सोयराबाईंची नाममुद्रा आहे, पण नेमका तोच चरण गाळला होता. मी कार्यालयात फोन केला, "कळवतो" म्हणाले. दुरुस्ती आजवर आलेली नाही. देवळात ओळ खोडली जाते आणि वर्तमानपत्रात नाव, तर त्या बाईने जायचं कुठे?

तेव्हा पूर्ण अभंग, सगळ्या चरणांसह आणि त्यांच्याच नावाने, येत्या एकादशीच्या अंकात छापावा ही विनंती. पत्र मोठं वाटलं तर माझ्या लहानपणीचा मजकूर खुशाल कापा, सोयराबाईंचा कापू नका. माझं नाव छापू नये. मुलांचा भजनाचा वर्ग अजून त्याच सभामंडपात भरतो, आणि यंदाच्या यादीत तो अभंग मी पुन्हा लिहून दिला आहे.

आपली,
एक नियमित वाचक