बांधलेले चालवण्याची हमी कोण देणार? नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : महापालिकांची क्रीडांगणे, नाट्यगृहे, ग्रंथालये व विरंगुळा केंद्रे चालवणे हे बंधनकारक कर्तव्य करण्याबाबत.

महोदय,

महापालिकेची निवडणूक आली की प्रत्येक पक्षाच्या जाहीरनाम्यात उद्यान, क्रीडासंकुल, नाट्यगृह, अभ्यासिका आणि ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र यांचा एक परिच्छेद हमखास असतो. नवे काय बांधणार हे त्यात ठळकपणे सांगितलेले असते. पूर्वी बांधलेले कोण चालवणार, ते किती वेळ उघडे राहणार आणि त्यासाठी दरवर्षी पैसा कोठून येणार, याबद्दल मात्र अवाक्षर नसते. याला उमेदवारांइतकाच कायदाही कारणीभूत आहे, असे माझे मत आहे. तो कायदा आपल्या खात्याकडे असल्यामुळे हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील कलम ६३ पालिकेची बंधनकारक कर्तव्ये सांगते आणि कलम ६६ स्वेच्छाधीन कामे सांगते. पाणी, सांडपाणी, रस्ते, दिवाबत्ती ही पहिल्या गटात येतात. खेळाची मैदाने, ग्रंथालये, संग्रहालये, नाट्यगृहे आणि सार्वजनिक मनोरंजन ही दुसऱ्या गटात. मुंबईसाठी १८८८ चा स्वतंत्र कायदा असला तरी कामांची विभागणी तेथेही याच धर्तीवर आहे. आपल्या मालकीची वास्तू राखण्याची जबाबदारी पालिकेवर आहेच. परंतु ती लोकांसाठी रोज उघडायची, तेथे माणूस नेमायचा आणि कार्यक्रम होऊ द्यायचे, हे मर्जीवर सोपवलेले आहे. वास्तविक ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीतील (पालिकांकडे सोपवता येणाऱ्या कामांच्या यादीतील) १८ विषयांमध्ये उद्याने, बागा व क्रीडांगणे हा एक विषय आहे आणि सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना देणे हा दुसरा. १ जून १९९३ पासून ही दुरुस्ती अमलात आहे, तरी हे विषय अजून पालिकांच्या इच्छेवरच राहिले आहेत.

या मर्जीचा अर्थ पाहायचा असेल तर कोणत्याही प्रभागातील विरंगुळा केंद्राच्या दारात सकाळी उभे राहावे. दारावर उद्घाटकांच्या नावांचा संगमरवरी फलक असतो, खाली कुलूप असते आणि किल्ली बहुधा पालिकेच्या कर्मचाऱ्याकडे नसून स्थानिक कार्यकर्त्याकडे असते. आत चार कॅरम बोर्ड, मोडक्या खुर्च्या आणि एखाद्या मंडळाच्या मांडवाचे बांबू. ज्यांच्यासाठी ती जागा बांधली ते आजोबा बाहेरच्या कट्ट्यावर वर्तमानपत्र वाचत बसतात. नगरसेवक बदलतो, किल्ली मात्र सहसा हात बदलत नाही. शेजारच्या खुल्या व्यायामशाळेतील गंजलेल्या यंत्रांविषयी वेगळे लिहिण्याची गरज नाही, ती आपणही पाहिली असतील.

नाट्यगृहांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण तेथे दार उघडे असूनही जागा सगळ्यांना मिळत नाही. शनिवार-रविवारच्या तारखा व्यावसायिक निर्मात्यांना हव्या असतात, जे स्वाभाविकही आहे. परंतु हौशी आणि प्रायोगिक संस्थांना उरलेल्या तारखांचे भाडे, अनामत रक्कम आणि ध्वनियंत्रणेचा वेगळा खर्च झेपत नाही, आणि महिनोन्‌महिने आधी मिळवलेली तारीख एखाद्या राजकीय मेळाव्यासाठी ऐनवेळी काढून घेतली गेली तर दाद मागायची सोय नसते. मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यानंतर तेथे प्रशासक आले आणि पुढील निवडणूक होईपर्यंत अशा तक्रारी सभागृहात मांडणारा लोकप्रतिनिधीच उरला नव्हता.

कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेली ती वास्तू होती. त्या आगीच्या कारणांत मी शिरत नाही. मात्र दुर्घटनेनंतर पुनर्बांधणीसाठी जी तत्परता दिसते, तिच्या एक दशांश तत्परता राज्यभरच्या नाट्यगृहांतील विजेच्या तारा, पडदे आणि अग्निशमन यंत्रणा दरवर्षी तपासण्यात दिसावी, एवढी अपेक्षा गैर नाही. अशा तपासणीवर कोणी मत मागत नाही, म्हणूनच ती कायद्याने सक्तीची हवी.

मैदानांच्या बाबतीत तर जागाच हातची जाते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार अंतिम विकास आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक पालिकेला सूचना देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते. मालकाची बाजू न्याय्य आहे. त्याची जमीन अनिश्चित काळ अडकवून ठेवता येणार नाही. पण त्या दोन वर्षांत आपल्या भागातील क्रीडांगण जाऊ पाहत आहे, याचा रहिवाशांना पत्ताही नसतो, आणि निवडणुकीत त्याच प्रभागात नव्या क्रीडासंकुलाचे आश्वासन दिले जाते.

म्हणून माझी विनंती मर्यादित आहे. प्रत्येक पालिकेने नाट्यगृह बांधलेच पाहिजे, असे मी म्हणत नाही. लहान महापालिकांना ते परवडणारही नाही. मात्र जे बांधले ते ठरलेल्या वेळेत लोकांसाठी चालू ठेवणे कलम ६३ मध्ये आणावे, म्हणजे नवीन वास्तूचा ठराव मांडतानाच तिच्या वार्षिक खर्चाची तरतूद दाखवावी लागेल आणि जाहीरनामा लिहिणाऱ्यालाही हिशेब करूनच शब्द द्यावा लागेल. नाट्यगृहांच्या तारखांचे वाटप आणि रद्द झालेल्या तारखांची कारणे संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्याची सक्ती करावी; हौशी संस्थांसाठी काही तारखा सवलतीच्या दरात राखून ठेवाव्यात. कलम १२७ खालील प्रत्येक सूचना आली त्याच महिन्यात प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लागावी. यातील शेवटच्या दोन्ही बाबींना कायदा बदलण्याचीही आवश्यकता नसावी, आपल्या खात्याचे परिपत्रक पुरेसे ठरेल. ते परिपत्रक पालिकांचे पुढील अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी निघावे, ही विनंती.

आपला,
एक करदाता नागरिक