ब्रोच आधी उलटा करून बघा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या परदेशी कॉस्च्युम ज्वेलरीवर, म्हणजे साध्या धातूच्या नि काचखड्यांच्या नकली दागिन्यांवर, आलेला लेख वाचला. विषय आमच्या जिव्हाळ्याचा. पण त्यातले दोन सल्ले कुणी जसेच्या तसे पाळले तर पैसेही जातील आणि दागिनाही. पहिला सल्ला, मागे नामांकित कंपनीचे नाव असेल तर बेलाशक घ्या. दुसरा, रिठ्याच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवून ब्रशने घासा.

आधी नावाचे. १९४० ते १९६० या काळातला सगळाच चांगला माल नाव कोरून विकला जात नसे. मिरियम हॅस्केलने न्यूयॉर्कमध्ये १९२६ साली व्यवसाय सुरू केला, पण १९४० चे दशक सरत येईपर्यंत तिच्या बहुतेक दागिन्यांवर नाव नाही. डिलिझा अँड एल्स्टर या अमेरिकी कंपनीच्या मालावर ठसा नसेच. कागदी चिठ्ठी असली तर असली, आणि चिठ्ठी गळाली की ओळख गेली. संग्राहक आज त्याला ‘ज्युलियाना’ म्हणतात आणि खड्यांच्या मांडणीवरून, ब्रेसलेटच्या पाच कड्यांच्या बांधणीवरून ओळखतात. उलट वाइस आणि आयझनबर्ग या कंपन्यांची नावे कोरलेले अगदी नवे ब्रोच जुने म्हणून खपवले जातात. एकूण, नाव नसलेला दागिना सोडून नाव असलेला उचलणारा माणूस पुष्कळदा दोन्हीकडून फसतो.

म्हणून दागिना हातात आला की उलटा करा आणि दहापट भिंग लावा. मुळावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते. पानांच्या शिरा बोथट होतात, नावाची अक्षरे बुजल्यासारखी दिसतात. हॅस्केलच्या कामात मागे पितळी जाळीची तबकडी असते आणि बारीक मोती नि मणी पातळ तारेने एकेक करून त्या जाळीला ओवलेले असतात. तिथे गोंदाचा थेंब दिसला तर कुणीतरी नंतर हात घातला आहे असे समजा.

सालाचा अंदाजही दागिन्याची पाठच देते. अमेरिकेत युद्धकाळी कथिलासारख्या धातूंवर निर्बंध आले तेव्हा १९४२ पासून मोठ्या कंपन्या चांदीकडे वळल्या. सोन्याच्या मुलाम्याखाली ‘स्टर्लिंग’चा ठसा असलेले ब्रोच बहुतांशी त्या काही वर्षांतले. ट्रायफारी या अमेरिकी कंपनीने चॅरेल कंपनीविरुद्ध नकलेचा दावा लावला आणि १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने अशा दागिन्यालाही कॉपीराइट लागू होतो असे मान्य केले. त्यानंतर वर्तुळातल्या ‘सी’ची खूण सर्रास दिसू लागली. तेव्हा ट्रायफारीच्या नावाशेजारी ती खूण असलेला ब्रोच कुणी ‘सत्तेचाळीस सालचा’ म्हणून विकत असेल तर पुढे चला. इंद्रधनुषी झाक मारणारे ‘अरोरा बोरिआलिस’ खडेही १९५० च्या दशकाच्या मध्यावर आले, त्याआधीच्या दागिन्यात ते असतील तर खडे बदललेले आहेत. (जाता जाता: ट्रायफारीचे ज्यांना ‘फ्रूट सॅलड’ म्हणतात ते कोरीव पाना-फळांच्या काचखड्यांचे दागिने कार्तिये या फ्रेंच जवाहिऱ्यांच्या माणिक-पाचूच्या कामावर बेतलेले आहेत, आणि कार्तियेने ती कोरीव पाने उचलली आपल्याकडच्या मुघल धाटणीतून. भारतीय हातात ते दागिने पडले की ओळखीचे का वाटतात, ते यावरून कळावे.)

आता रिठा. हे खडे काचेचे असतात आणि त्यांची चमक काचेची नसून पाठीमागच्या आरशासारख्या चंदेरी लेपाची असते. खडा वाटीसारख्या बंद कोंदणात बसलेला असला की पाणी कडेने आत शिरते, पण बाहेर यायला वाट नसते. त्या दिवशी दागिना लखलखीत दिसतो. दोन-तीन आठवड्यांनी खड्याच्या कडेला राखाडी रेघ उमटते, ती आत सरकत जाते आणि लेप सुटून खडा काळवंडतो. मेलेला खडा पुन्हा जिवंत होत नाही, बदलावाच लागतो. दातांच्या पावडरीने घासणे तर त्याहून वाईट. मुलामा इतका पातळ असतो की उंचवट्यांवरून सहज उडतो.

स्वच्छता कोरडी करावी. लहान मुलाच्या मऊ दातब्रशने धूळ झाडा. त्याने भागले नाही तर कापसाची काडी पाण्यात बुडवून पूर्ण पिळा, दागिना तोंड खाली करून धरा आणि खालून पुसा, म्हणजे ओल खड्यामागे उतरत नाही. पितळ कळकून हिरवे झाले असेल तर आधी लाकडी टूथपिकने कोरडेच खरवडा. उरलेल्या डागावर पांढऱ्या व्हिनेगरची जेमतेम ओली काडी फिरवा, लगेच साध्या पाण्याच्या पिळलेल्या काडीने पुसा आणि हेअर ड्रायरच्या थंड हवेवर दहा मिनिटे धरा. जवळ नकली मोती असतील तर व्हिनेगर नको, अत्तर आणि स्पिरिट तर मुळीच नको. मोत्यावरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो.

तुटलेली पिन घेऊन लोक सोनाराकडे जातात. सोनार चांगलाच असतो, पण त्याचा चांदीचा डाख वितळायला ६०० अंश सेल्सिअसहून जास्त आच लागते. ब्रोच बहुधा कथिल-शिशाच्या मिश्रणाचा असतो, आणि कथिल २३२ अंशांनाच वितळते. ज्योत लागताच पान नि देठ गोळा होऊन खाली पडतात. ‘नवा मुलामा देऊन टाकू’ म्हणणाऱ्यालाही नम्रपणे नको म्हणा, जुन्या मुलाम्यासकट दागिन्याची किंमतही जाते.

खडा पडला असेल तर कोंदणाचा आतला व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजा. खडे ‘एसएस’ मापाने मिळतात. एसएस १६ म्हणजे साधारण ४ मिलिमीटर. बाजारात सहज मिळतो तो सपाट पाठीचा खडा, आणि जुनी कोंदणे बहुधा टोकदार पाठीच्या खड्यासाठी खोल केलेली असतात. शिवाय नवा खडा जुन्यांच्या रांगेत वेगळाच चमकतो, म्हणून त्याच काळातला मोडका ब्रोच सुट्या खड्यांसाठी जवळ ठेवावा. जुना गोंद सुईने काढा. सुपरग्लू वापरू नका, त्याच्या वाफेने काचेवर पांढुरके धुके चढते. सावकाश वाळणारा दोन नळ्यांचा इपॉक्सी, टाचणीच्या डोक्याएवढा, पुरतो. त्यानंतर दागिना चोवीस तास आडवा ठेवा.

कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात हवाबंद प्लॅस्टिक पिशवीत ओल अडकते, आणि एका दागिन्याचा हिरवेपणा शेजारच्याला लागतो. प्रत्येक दागिना आम्लविरहित टिश्यूत वेगळा गुंडाळून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जूनपासून त्या दर पंधरवड्याला बदला. डांबरगोळ्या त्या कपाटात नकोत. प्लॅस्टिकचे भाग त्याने चिकट होतात.

– दोन संग्राहक वाचक, ठाणे