सईला, पुलमनच्या पत्त्यावर

प्रिय सई,

तुझ्या युनिव्हर्सिटीत बुश घराण्याचं नाव कानावर आलं का? १८८९ मध्ये वॉशिंग्टन राज्य झालं, तेव्हा पहिल्याच विधिमंडळात विल्यम ओवेन बुश हे कृष्णवर्णीय शेतकरी निवडून आले. तू शिकतेस ती वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटी ज्या शेतकी कॉलेजातून वाढली, त्याचं विधेयक त्यांनी मांडलं होतं. पण मला सांगायचंय ते त्यांच्या वडिलांबद्दल.

जॉर्ज बुश १८४४ मध्ये गोरी बायको इझाबेला आणि मुलांना घेऊन मिसूरीहून निघाले. हाताशी पैसा होता, सोबतच्या गोऱ्या कुटुंबांनाही त्यांनी मदत केली. ऑरेगॉनला पोचतात तर तिथे नुकताच कायदा झालेला: काळ्या माणसानं इथे वस्ती करायची नाही. तेव्हा मायकेल सिमन्स आणि इतर सोबती त्यांना सोडून पुढे गेले नाहीत. सगळे मिळून कोलंबिया नदीच्या उत्तरेला गेले, जिथे तो कायदा फारसा लागू होत नव्हता, आणि १८४५ मध्ये आजच्या वॉशिंग्टन राज्यातल्या टमवॉटरला राहिले. हे वाचताना मला फार भरून आलं.

१८५२ मध्ये धान्याची टंचाई पडली. व्यापारी चढ्या भावानं गहू मागत होते. बुश यांनी तो त्यांना न विकता नव्यानं आलेल्या कुटुंबांना दिला.

आणि एवढं करूनही जमिनीचा सातबारा त्यांच्या नावावर नव्हता! १८५० च्या कायद्यानं वसाहतीला येणाऱ्या गोऱ्यांना जमीन मिळे, काळ्यांना नाही. अखेर तिथल्या विधिमंडळानं काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, विनंती केली आणि १८५५ मध्ये खास कायदा करून त्यांची ६४० एकर जमीन त्यांना मिळाली. फक्त त्यांना. मूळ कायदा होता तसाच राहिला. मताचा अधिकार तर नाहीच. १८६३ मध्ये ते वारले, तोवर एकदाही मत देता आलं नाही.

शेजारी भले होते, याबद्दल मला शंका नाही. पण ज्याच्या कोठारात वाटायला गहूच नव्हता, अशा काळ्या माणसासाठी कुणी विनंती केली असती का?

“तुम्ही इंडियन लोक कष्टाळू, तुमचं वेगळं” हे कौतुक आपण इथे सारखं ऐकतो. तूही ऐकशील. मला ते ऐकलं की बुश यांचा तो एकट्यापुरता कायदा आठवतो. आपल्या लोकांना इथे यायची वाट मोकळी करणारा १९६५ चा कायदाही नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळातच झाला, आणि ती चळवळ कुणी लढवली हे तू जाणतेस.

विल्यम यांच्या गव्हाला १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात बक्षीस मिळालं होतं. लायब्ररीत त्याबद्दल काही सापडलं तर मला फोटो पाठव.

तुझी,
आई