मंत्रीसाहेब, ९ ऑगस्टच्या पोस्टआधी एकदा ग्रामसभेला विचारा

प्रति,
मा. मंत्री महोदय,
आदिवासी विकास विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : कंपन्यांच्या जाहिरातींत आणि सोशल मीडियावर होणारा आदिवासींचा वापर

साहेब, जोहार.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातून, मोलगीजवळच्या एका पाड्यावरून लिहितेय. आमच्या बचत गटाचं इन्स्टाग्राम मी सांभाळते. आमचूर, भगर, मोहाचे लाडू असा आमचा माल. पाड्यावर रेंज नाही. त्यामुळे फोटो घरी काढायचे आणि संध्याकाळी मागच्या टेकडीवर चढून टाकायचे. हे पत्रही तिथूनच पाठवतेय, म्हणून मध्येच तुटलं तर समजून घ्या.

गेल्या एप्रिलमध्ये दोन पोरं कॅमेरा घेऊन आली. मसाल्याच्या कुठल्याशा कंपनीसाठी व्हिडिओ करतोय म्हणाली. याहा अंगणात कैऱ्या सोलत बसली होती (आमच्यात आईला याहा म्हणतात). त्यांनी आधी तिला उठवलं. ठेवणीतलं लुगडं नेसायला लावलं, पेटीतली सगळी चांदी अंगावर चढवायला लावली. कैऱ्या सोलायला कोण चांदी घालून बसतं, साहेब? मग उजेड त्या बाजूने येतो म्हणून सुरी डाव्या हातात धरायला सांगितली. फोडी हिरव्या नेटवर वाळत होत्या. नेट 'ओरिजनल' दिसत नाही, असं त्यातला एक म्हणाला आणि त्याने त्या फोडी जमिनीवर पसरायला लावल्या. नेटवर वाळलेला आमचूर पांढरा राहतो, त्याला माती लागत नाही, हे आम्ही प्रशिक्षणात शिकलो होतो. त्या पोरांना ते कसं माहीत असणार? जाताना याहाच्या हातावर चहापाण्याचे दोनशे रुपये ठेवले. तो सगळा माल व्यापाऱ्याने हातात घेऊन चोळून बघितला आणि म्हणाला, "हाऊ माल काया शे, ताई." म्हणजे माल काळा आहे. निम्म्या भावात गेला.

दोन महिन्यांनी व्हिडिओ माझ्या फोनवर आला. मागे बासरी वाजतेय, खाली लिहिलंय की हजारो वर्षांची परंपरा, जंगलाच्या कुशीतून, जशीच्या तशी. बघणारे लाखांत. गावाचं नाव नाही, याहाचं नाव नाही, सातपुड्याचंसुद्धा नाही. मी तिला टेकडीवर नेऊन दाखवला. तिने दोनदा बघितला आणि विचारलं, "मी डावरी कधी झाले?"

त्या कंपनीने आम्हाला लुटलं, असं मला म्हणायचं नाही. त्या पोरांची नियतही वाईट नव्हती. आपण आदिवासींचं भलंच करतोय, असं त्यांना मनापासून वाटत होतं. तीच तर अडचण आहे. आमच्या बाजूने बोलायचं म्हणून जो तो येतो आणि आम्हाला गप्प बसवून, नीट उजेडात बसवून आमचा फोटो काढतो.

वर्षातले दोन दिवस तर विचारू नका. ९ ऑगस्ट आणि १५ नोव्हेंबर. संयुक्त राष्ट्रांनी ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिवस १९९४ मध्ये ठरवला, कारण १९८२ मध्ये याच तारखेला मूळनिवासींच्या प्रश्नांवरच्या त्यांच्या कार्यगटाची पहिली बैठक झाली होती. १५ नोव्हेंबर ही बिरसा मुंडांची जयंती, २०२१ पासून जनजातीय गौरव दिवस. या दोन दिवशी बँका, सिमेंटवाले, मोबाइलवाले, झाडून सगळ्यांच्या पोस्ट येतात आणि त्यांवर हमखास वारली चित्र असतं. गोल फेर, मधे तारपा. वारली चित्र सुंदरच आहे, पण ते पालघरकडचं. इथे नंदुरबारात आम्ही भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, तडवी, धानका. आमच्या लग्नात वारली चौक कोणी काढत नाही. गणपतीच्या शुभेच्छा देताना कोणी बिहूचा फोटो लावेल का? आमच्या बाबतीत चालतं, कारण 'ट्रायबल' हे त्यांच्या लेखी कापडावरचं डिझाइन आहे.

आणि त्या पोस्टखालच्या कमेंट कधी वाचल्यात का, साहेब? चार जण हात जोडतात, पाचवा लिहितो, "फुकटचं आरक्षण." त्याला वीस लाइक. कंपनीचं खातं हात जोडणाऱ्यांना बदाम पाठवतं आणि पाचव्याच्या पुढे मुकं होतं. पाठिंबा द्यायचाच असेल, तर पहिली जागा ती आहे. तिथे एक ओळ उत्तर लिहायला खर्च येत नाही.

होळीचं सांगते. काठीची राजवाडी होळी तुम्हाला माहीत असेलच, मंत्रीलोक येतातच तिथे. ती १२४६ पासून पेटते, असं जुनी माणसं सांगतात. रात्रभर ढोल आणि पहाटे होळी. नवस फेडायला बुध्या बनून नाचणाऱ्यांच्या डोक्यावर मोरपिसांचे टोप असतात, अंगभर राखेचे ठिपके, कमरेला वाळके भोपळे आणि घुंगरू. फोटोत एवढंच येतं. त्यांची पाळणी, म्हणजे व्रताचे नियम, फोटोत येत नाहीत. नवस केलेला माणूस त्या दिवसांत खाटेवर झोपत नाही, चपला घालत नाही, बाईमाणसाचा स्पर्श होऊ देत नाही. मागे एका होळीला एका ब्रँडचा टी-शर्ट घातलेली मुलगी रीलसाठी एका बुध्याच्या खांद्यावर हात टाकून उभी राहिली. तो माणूस काही बोलला नाही, नुसता मागे सरकला. तिला वाटलं लाजला. वर ड्रोन घोंघावत होता, त्यात ढोलाचा आवाजही धड ऐकू येत नव्हता.

खरं बोलायचं तर माझंही एकदा चुकलंय. गटाच्या खात्यावर मी एका बुध्याचा फोटो न विचारता टाकला होता आणि खाली आमचूरचा भाव लिहिला होता. आजोबांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "देवाच्या कामाला आलेला होता तो, दुकानावर बसवलास." फोटो काढून टाकला. तेव्हापासून विचारते. विचारलं की माणसं सहसा नाही म्हणत नाहीत, हेही तेव्हाच कळलं. कोण म्हणतं पाठमोरा काढ, कोण म्हणतं होळी झाल्यावर काढ.

कायदा नाही म्हणून अडलंय, असंही नाही. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याच्या कलम ४ मध्ये स्पष्ट आहे की लोकांच्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा सक्षम आहे. २००७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यात, अनुच्छेद ३१ मध्ये, मूळनिवासींचा त्यांच्या सांस्कृतिक वारशावर आणि पारंपरिक ज्ञानावर हक्क सांगितलाय. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने इन्फ्लुएन्सरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, की पैसे घेऊन पोस्ट करत असाल तर तसं ठळक लिहा. म्हणजे रील करणाऱ्याला कोणी पैसे दिले ते बघणाऱ्याला कळलंच पाहिजे. रीलमध्ये जी बाई दिसते तिला काही मिळालं का, हे विचारणारी ओळ कुठेच नाही.

कंपन्यांनी काय करावं, हे आम्हाला कोणी विचारत नाही, तर तुमच्यामार्फत सांगते. पहिलं म्हणजे विचारावं, आणि सरपंचाच्या पुतण्याला विचारून भागवू नये. ग्रामसभेत येऊन काय काढणार, कुठे लावणार, किती दिवस लावणार ते सांगावं, मराठी न कळणाऱ्यांसाठी भिलोरीत, पावरीत सांगावं. शहरातल्या मॉडेलला देता तसा दिवसाचा मेहनताना द्यावा, चहापाणी नको. टाकण्याआधी व्हिडिओ दाखवावा, म्हणजे कोणी डावरी होणार नाही. नाव लिहावं, गाव लिहावं, गटाचं खातं असेल तर टॅग करावं. नवापूरच्या तूरडाळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. डाळीला गावाचं नाव मिळतं, मग आमचूर सोलणारीला व्हिडिओखाली स्वतःचं नाव मिळायला काय हरकत आहे?

आणि सगळ्यात सोपं म्हणजे माल घ्यावा. पुण्याच्या एका मुलाने आमच्या भगरीची साधी रील केली, स्वतःच्या घरात शिजवून दाखवली, आमचा नंबर दिला. त्या महिन्यात आमच्याकडची भगर संपली. त्याने 'आदिवासी संस्कृती' हा शब्दसुद्धा वापरला नव्हता. पोस्ट लिहायला आमचीच पोरं नोकरीला घेतली तर आणखी बरं. आश्रमशाळेतून शिकून बाहेर पडलेली, तिन्ही भाषा येणारी पोरं सुरतेकडे मजुरीला जातात, तेव्हा मला या सगळ्या ९ ऑगस्टच्या पोस्ट आठवतात.

आता तुमच्याकडचं. आपला जिल्हा २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांत आहे, त्यामुळे सीएसआरचा, म्हणजे समाजकामासाठीचा, पैसा घेऊन कंपन्या येतात, फीत कापतात, फोटो टाकतात. मार्केटिंगचा फायदा मिळावा म्हणून केलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरायचं नाही, असं केंद्राच्या नियमांतच आहे. तुमचा विभाग अशा कंपन्यांशी करार करतो, तेव्हा त्यात एक अट घाला : माणसं, सण, देवस्थानं यांचं चित्रीकरण ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय नाही, आणि मेहनतान्याची पावती जोडायची. नंदुरबार आणि तळोदा, दोन्ही प्रकल्प कार्यालयांत एकपानी अर्ज ठेवता येईल. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने गावोगाव विचारून लिहून ठेवावं की कुठल्या सणाचं काय दाखवलेलं चालतं आणि काय नाही, म्हणजे कंपनीच्या माणसाला 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही.

सुरुवात मात्र घरापासून करा. सरकारी पोस्टवरही बिनानावाचे फोटो असतात, साहेब. मागच्या वर्षी एका सरकारी पानावर हंडा घेतलेल्या एका मावशीचा फोटो बघितला, त्यावर तीन योजनांची नावं होती. तिचं एक नव्हतं.

येत्या होळीला याल, तर कॅमेरावाल्यांना थोडं लांब उभं करा. आमचूरचा हंगाम त्याच्या मागोमाग सुरू होतो. याहाने यंदा नवीन नेट आणलंय.

उत्तर पत्राने दिलंत तर पोचायला वेळ लागेल. फोन करणार असाल तर संध्याकाळी सहानंतर करा, तेव्हा मी टेकडीवर असते.

आपली,
मोलगी परिसरातल्या एका ग्रामसभेची सदस्य