रविवारी संगणक कक्ष उघडा ठेवा

मा. संपादक,

महोदय,

नागपूरला आयआयएम, म्हणजे भारतीय व्यवस्थापन संस्था, २०१५ साली आली, मिहानमधील तिच्या संकुलाचे उद्घाटनही मे २०२२ मध्ये झाले. तरीही तेथे नेणारी ‘कॅट’ ही प्रवेश परीक्षा आमच्या दारव्हा तालुक्यातील मुलांना फार लांबची वाटते. आणि त्याचे कारण गणित नव्हे, हे तीस वर्षे गणित शिकवल्यावर मी ठामपणे सांगू शकतो.

ही परीक्षा दोन तासांची असून ती इंग्रजीतून आणि संगणकावर होते. आधी इंग्रजी उतारे व भाषा, मग माहितीचे विश्लेषण व तर्क, शेवटी गणित, असा क्रम ठरलेला आहे. प्रत्येक विभागाला ४० मिनिटे मिळतात आणि मधे विभाग बदलता येत नाही. मराठी माध्यमातील मुलाचा हातखंडा विषय अशा रीतीने सर्वांत शेवटी येतो, आणि तोवर त्याचा धीर खचलेला असतो. शिवाय संस्था प्रत्येक विभागाचा वेगळा कटऑफ, म्हणजे किमान गुणांची अट, लावतात, म्हणून गणितातील गुणांनी इंग्रजीची तूट भरून निघत नाही.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या शेतकरी कुटुंबातील, बी.कॉम. झालेली मुलगी तालुक्याच्या नेट कॅफेत पहिली मॉक टेस्ट द्यायला बसली, तेव्हा मी सोबत होतो. काळ-काम-वेगाची उदाहरणे ती वहीवर झरझर सोडवते. उतारा मात्र पेन्सिलीने खुणा करत वाचायची तिला सवय. पडद्यावर बोट फिरवत वाचताना पहिल्याच उताऱ्यात तिची चौदा मिनिटे गेली. गणिताचा विभाग सुरू होताच वीज गेली, गावाकडची शेवटची एस.टी. पाचची, त्यामुळे चाचणी अर्धवट टाकून आम्हाला निघावे लागले.

अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरात भरायचा, जेव्हा घरातला पैसा पेरणी, खते आणि फवारणीत गेलेला असतो. २०२४ मध्ये इतर मागासवर्गीयांनाही पूर्ण शुल्क, म्हणजे २,५०० रुपये, भरावे लागले. परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी, ऐन कापूस वेचणीत. हे वेळापत्रक साऱ्या देशाचे आहे, ते आमच्यासाठी बदलावे असे माझे म्हणणे नाही.

मात्र सरावाची सोय तालुक्यातच होऊ शकते. ‘कॅट’च्या संकेतस्थळावर नमुना चाचणी मोफत मिळते आणि महाविद्यालयांत संगणक कक्ष आहेत, पण रविवारी त्यांना कुलूप असते. एका महाविद्यालयात मी विनंती केली असता, ही मुलगी आता आमची विद्यार्थिनी नाही आणि सुट्टीच्या दिवशी देखरेखीला माणूस नाही, असे उत्तर मिळाले. जुलै ते नोव्हेंबर या काळात निदान दर रविवारी एक कक्ष, इन्व्हर्टरच्या सोयीसह, तालुक्यातील सर्व पदवीधरांसाठी खुला करावा. राज्याच्या एमबीए सीईटीसाठीही तो उपयोगी पडेल, कारण तीही संगणकावरच होते आणि तेथे १५० मिनिटांत २०० प्रश्न सोडवायचे असतात.

देखरेखीसाठी सकाळी नऊपासून पाचची गाडी सुटेपर्यंत मी विनामोबदला बसेन. किल्ली कोणाकडून घ्यायची, तेवढे संबंधितांनी कळवावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ